सातवा गडी बाहेर बसलाय

आमचं गाद्यांचं दुकान. शिरूरच्या निम्म्या लग्नांत मुलीबरोबर जाणारी गादी आमच्या अब्बांनी भरलेली असायची. आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत मी, त्यांचा मुलगा, कित्येक महिने उघड्या लाकडी फळीवर उताणा पडून होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गादी नाही, उशी नाही. समोर छतापर्यंत गाद्यांची चळत आणि खाली फळी. अब्बा यायचे, फळीवर हात फिरवायचे आणि परत दुकानात जायचे.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात कुणी असं पडून आहे त्यांच्यासाठी. औषधांची नावं मी सांगणार नाही. ती डॉक्टर सांगतील, आणि मला धड आठवतही नाहीत. एक मात्र सांगून ठेवतो. ह्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी लाल होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी बहिणीला, नसीमला, जवळ बोलावून निरवानिरवीचं बोलायला लागलो होतो. तो नुसता गोळीचा रंग असतो. घाबरू नका.

आप्पा आणि लोड

आजाराच्या आधी क्लबचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

निमोण्याचे आप्पा मिलिटरीतून रिटायर होऊन आले आणि कांदा करायला लागले. मिलिटरीत ते रग्बी खेळलेले. नव्वद सालानंतरची ती वर्षं. रांजणगावला कंपन्या येत होत्या, आम्ही पोरं शिफ्टला जात होतो आणि रविवारी मार्केट यार्डामागच्या मैदानावर कबड्डी खेळत होतो. एका रविवारी आप्पा काखेत लांबुळका बॉल मारून आले. म्हणाले, "ह्यो बी मातीतलाच खेळ हाय. बघा जमतंय का."

अब्बांनी तो बॉल हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, "हा तर लोड आहे, लहान पोराचा." ते शेवटपर्यंत त्याला लोडच म्हणत राहिले. पण धडका मारायला पोतं त्यांनीच भरून दिलं. विकायला न चालणाऱ्या कापसाच्या गाळाचं, माणसाएवढं उंच. अशा थाटात आमचा घोडनदी रग्बी क्लब निघाला.

खरं तर ह्या खेळात एका बाजूला पंधरा जण असतात. आमच्याकडे कबड्डीचे सात होते. आप्पा म्हणाले, साताचा बी असतो, चालतंय. सवयी मात्र कबड्डीच्याच राहिल्या. आमचा सुभाष बॉल घेऊन पळायला लागला की दम धरायचा. तोंडाने कबड्डी म्हणत नव्हता एवढंच. मैदानाच्या टोकाला पोचेपर्यंत तोंड लालबुंद. आप्पा ओरडायचे, "आरं श्वास घे की, मरशील. हितं फुकट हाय श्वास."

पहिले कितीतरी रविवार त्यांनी आम्हाला बॉलला हातच लावू दिला नाही. नुसतं पडायला शिकवलं. "कुणीबी पाडंल तुमाला. त्याची लाज न्हाई. पडला की बॉल सोडायचा, कडंला वळायचं आन् आपलं आपण उठायचं. उठल्याबिगर पुन्यांदा बॉलला हात लावायचा न्हाई." आम्हाला हसू यायचं. पडायला कुठं शिकावं लागतं का? तेव्हा वाटायचं नाही.

दौंडला झालेली चूक

आमच्याशी खेळायला होतं कोण, तर दौंडची रेल्वे कॉलनीची टीम. तिचे सर्वेसर्वा फिलिपमामा. रिटायर गार्ड, आणि शिट्टीही त्यांचीच. पहिली मॅच त्यांच्या मैदानावर. सुरुवातीलाच सुभाषच्या नाकावर बसली. तो रेषेबाहेर जाऊन बसला. थोड्या वेळाने आमच्याकडून कसाबसा एक ट्राय झाला, म्हणजे बॉल त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. सुभाषने नाक पुसलं आणि सरळ मैदानात चालायला लागला.

फिलिपमामांनी शिट्टी मारली. "ए, किधर चाललास?"

सुभाष म्हणाला, "आमचा पॉइंट झाला ना. मग मी आत."

कबड्डीत तसंच असतं. आपल्या बाजूने समोरचा गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला आत येतो. सुभाषला ह्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. फिलिपमामांनी आप्पांकडे बघितलं, आप्पा आभाळाकडे बघायला लागले. मग मामा पोट धरून हसले आणि म्हणाले, "चांगला नियम आहे. आमच्यासाठी पण ठेवू."

तेव्हापासून शिरूर-दौंड मॅचमध्ये तोच नियम. बाहेर गेलेल्याची जागा भरायची नाही. आपला ट्राय झाला की त्याने आत यायचं. मामांनी त्यात भर घातली की एक गडी बाहेर असेल तर सहा जणांवर मॅच होईल, पाचांवर नाही. जगात दुसरीकडे कुठं असली रग्बी खेळत नसतील.

निदानाचा दिवस

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी तो मुका मार ठरवला, मीसुद्धा. अम्मीने तेल चोळलं, वीट गरम करून शेकलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, वजन उतरत होतं. मी म्हणायचो, शिफ्टमुळे. मग एक दिवस कंपनीच्या बसची पायरी चढायला पाय उचलला आणि तो उचललाच नाही. बस थांबून राहिली, सगळे बघत राहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात अब्बांबरोबर गेलो. एमआरआयच्या मशीनच्या नळीत घातलं, बाहेर काढलं, बाकड्यावर बसवलं. अब्बा हातातल्या टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. आत बोलावल्यावर डॉक्टर काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "साहेब, तो रग्बी खेळतो. त्यानेच झालं."

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "खेळाचा काही संबंध नाही, चाचा. मणक्याचा टीबी आहे. वेळेवर आलात. बरा होतो, पण वेळ लागेल, आणि एकही गोळी चुकवायची नाही. छाती साफ आहे, त्यामुळे घरात कुणाला लागायची भीती नाही."

बरा होतो, हे मी ऐकलं. अब्बांनी फक्त टीबी ऐकलं. परतीच्या एसटीत ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

अम्मीने घरात ऐकून घेतलं, आधी दार लावलं आणि मग रडली. रडून झाल्यावर तिची पहिली गोष्ट ही की बाहेर कुणाला कळता कामा नये. नसीमसाठी नगरहून एक स्थळ आलं होतं, बोलणी अर्ध्यात होती. टीबीच्या घरातली मुलगी कोण करणार? शेजारीण विचारायला आली तेव्हा अम्मी दारातूनच म्हणाली, "खेळताना पडला. मणका दुखावलाय."

मी फळीवरून ऐकलं. ती बाई हळहळून गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं की रग्बीने शेखांच्या पोराचा मणका मोडला.

आप्पांचं "बरं"

आप्पा आले त्या दिवशी मीच त्यांना खरं सांगितलं. माझ्यामुळे त्यांच्या क्लबचं नाव जात होतं, मला झोप लागत नव्हती. ते ऐकत होते तोवर अम्मी आत आली. पदर डोक्यावर नीट ओढून म्हणाली, "आप्पा, पोरीचं जमेपर्यंत एवढं पोटात ठेवा. तुमच्या पाया पडते."

आप्पा गडबडून उठले. "भाभी, आसं नका करू. बरं. न्हाई बोलत." मला रागच आला. मी म्हणालो, आप्पा, लोक क्लबला नावं ठेवतील. ते म्हणाले, "ठिवू दे. क्लबच्या अंगाला मातीच लागल्याली आसती. आनखी लागली तर काय व्हतंय."

एका दमात

फळीवरच्या माणसाचं सगळ्यात अवघड काम म्हणजे कूस बदलणं. स्वतः वळायचं नाही. दोन-तीन जणांनी खांदे, कंबर, पाय एकदम धरून एका दमात वळवायचं, मधे पीळ पडता कामा नये. अब्बा आणि नसीमला ते जमेना. एकाचा हात पुढं, एकाचा मागं, आणि मी किंचाळायचो. मग अम्मी दोघांवर ओरडायची, अब्बा तिच्यावर, आणि घरात दिवसभर कुणी कुणाशी बोलायचं नाही. असं घरोघरी होतं. मन लावून घेऊ नका. दुखणं एकाचं असतं पण चिडचिड सगळ्यांची होते.

आप्पांनी हे एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्लबची पोरं यायला लागली. पहिल्या शिफ्टला जाणारी बसच्या आधी, सुटणारी बसमधून उतरून थेट. सुभाष खांद्यापाशी, बाकीचे दोघे कमरेला आणि पायाला. "धरलं? चला." आणि मी वळलेला असायचो, दुखायच्या आत. एकमेकांना धरून एकाच वेळी जोर लावायची त्यांना सवयच होती. त्यांनीच मग अब्बांना शिकवलं, कुठं हात घालायचा आणि कधी श्वास सोडायचा. सुभाष अब्बांना सांगत होता, "चाचा, दम धरू नका, श्वास सोडा," तेव्हा मला इतकं हसू आलं की पाठ दुखली.

माणूस आडवा पडला की भीती छतावर बसलेली असते. माझा एक पाय बधिर होता. अंगठा हलतोय का, हे मी दिवसातून कितीदा बघायचो ते मलाच माहीत. पुन्हा चालता आलं नाही तर? नोकरी तर गेल्यातच जमा होती. आयुष्यभर ह्या पोरांनी वळवायला यायचं का? एका दुपारी मी अम्मीला म्हणालो, मला चालता नाही आलं तर काय करशील? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "फळी दुकानात ठेवीन. गिऱ्हाइकाशी तू बोल, मी गादी भरीन. गप पड आता." तिच्या बोलण्याने मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्या समजुतीने आला नसता.

सहा उरले

पोरं मला वळवायची, गप्पा मारायची, पण क्लबचं बोलायची नाहीत. सुभाषला खोदून विचारलं तेव्हा कळलं. पहिल्या साताचे आम्ही पुढं बारा-तेरा झालो होतो, पण आता घरोघरी आयांनी पोरं बंद केली होती. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. निमोण्याला तर पारावर आप्पांना तोंडावर बोलत होते की मिलिटरीतला खुळेपणा गावात आणला आणि एकाला लुळा केला. शेवटी खेळायला सहा जण उरले.

"मग मॅच?" मी विचारलं.

"दौंडवाल्यांनी फोन केलता. आप्पांनी सांगितलं, सहावर खेळू. आमचा सातवा गडी बाहेर बसलाय."

म्हणजे नियमात बसत होतं. मी आडवा होतो तरी टीममध्ये होतो, आणि मी होतो म्हणून टीम होती. पण ह्या सहांतला एक जरी गेला असता तर पाच उरले असते, आणि मग क्लब संपला. मी त्या दिवशी अम्मीला म्हणालो, आता तरी सांगू दे. ती म्हणाली, "नगरवाले पुढच्या महिन्यात येतायत." आणि उठून गेली. तिच्यावर रागावायचं तरी कसं? तिला दोन पोरं होती आणि मी त्यातला एकच होतो.

पडद्याआडून ऐकलेलं

त्यानंतरची ही गोष्ट मी बघितलेली नाही, ऐकलेली आहे. दुकान आणि माझी खोली ह्यांच्या मधे नुसता पडदा होता.

आप्पा माझ्यासाठी रोज निमोण्याहून दूध आणायचे, तसे त्या दिवशीही आले होते. दुकानाच्या पायरीवर चहा पीत होते. अब्बांचं पिंजायचं मशीन चालू होतं. तेवढ्यात सुभाषच्या आईचा आवाज आला.

"बरं झालं आप्पा, हितंच घावलात. आमचा सुभाष उद्यापासनं खेळाय येणार न्हाई. ह्यांच्या पोराचा मणका घालवला, आता आमच्याचा घालवायचाय व्हय?"

आप्पा म्हणाले, "बरं, ताई."

"बरं काय बरं? आन् वर त्यांच्याच दारात बसून चहा पिताय. कायतरी वाटू द्या मानसाला."

 आप्पांनी कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अम्मी माझ्या फळीजवळून गेली आणि पडदा सरकला.

"चहा मी दिलाय त्यांना," अम्मी म्हणाली. "त्यांना काही बोलू नका. माझ्या पोराला खेळानं काही नाही झालं. त्याला टीबी आहे, मणक्याचा. मी लपवलं. पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून आप्पांना मीच गप्प बसायला लावलं. इतके दिवस गावाचं बोलणं खाल्लं आणि रोज माझ्या पोराला दूध घेऊन आले. तुम्हाला बोलायचंय ते मला बोला."

अब्बांचं मशीन बंद झालं. 

मग सुभाषच्या आईचा आवाज आला, पण अगदी खालच्या पट्टीत. "अगं बाई. माझ्या भावाला झालता की टीबी. बरा झाला, आता ट्रॅक्टर चालवतोय. आम्ही तरी कुठं कुणाला सांगितलं."

दोघी पायरीवर बसल्या. किती वेळ बसल्या माहीत नाही. अम्मीने पुन्हा चहा टाकला आणि आप्पांच्या चहात साखर जास्त घातली, हे नसीमने मला नंतर सांगितलं.

बातमी नगरपर्यंत गेली आणि ते स्थळ मोडलं. ते लपवणार नाही, कारण सांगण्याची किंमत असते. अम्मी दोन दिवस जेवली नाही. नसीमच तिला म्हणाली, "जे गोळीला घाबरतात त्यांच्या घरात मी आजारी पडले असते, तर मला कुठं टाकलं असतं?" पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याकडच्यांना अब्बांनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगितलं होतं. ते लोक म्हणाले, बरा झाला ना, मग झालं. एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही किती घाबरलो होतो.

शिरूरचा नियम

हळूहळू अंगठा हलला, मग पाय. छातीपासून कमरेपर्यंत पट्टा बांधून मला उभं केलं तेव्हा चक्कर आली आणि अब्बा मोठ्याने रडले. काठीने चाललो, मग काठी सोडली. गोळ्या अजून चालू होत्या. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, वाकायला नाही.

तेव्हा दौंडची टीम आमच्या मैदानावर आली. गेलेली पोरं परत आली होती आणि मैदानाच्या एका बाजूला उभी होती. आप्पांनी तरी मैदानात सहाच उतरवले. मी रेषेबाहेर लाकडी स्टुलावर, शेजारी अम्मी. तिने आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ बघितला. पहिल्याच धडकेला तिने माझा दंड धरला तो सोडलाच नाही. "हे असं रोज करायचास तू?" मी म्हणालो, दर रविवारी.

दौंडवाले पुढं होते, नेहमीसारखे. मग सुभाषला बॉल मिळाला आणि तो कडेकडेने पळत सुटला, तोंड लालबुंद. इतक्या वर्षांनीही दम धरूनच. त्याने ट्राय केला. फिलिपमामांनी शिट्टी मारली, आणि मग खेळ सुरू न करता रेषेकडे वळून म्हणाले, "शिरूरचा सातवा. चला, आत या."

मी उठलो. अम्मीचे हात दंडावरून काढले आणि चालत आत गेलो. मामांनी बॉल माझ्या हातात दिला. दौंडचा एक थोराड गडी समोर आला. काय करावं त्याला कळेना. त्याने दोन बोटं माझ्या खांद्याला लावली.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मी आधी गुडघा टेकला, मग हात, मग कुशीवरून उताणा झालो. बॉल सोडला. डॉक्टर नंतर मला जाम बोलले, आणि बरोबर बोलले, तुम्ही असलं काही करू नका. पण त्या मातीला पाठ लागली आणि मला रडू आलं. वर छत नव्हतं.

 अम्मी धावत निघालेली मला दिसली आणि आप्पा तिच्या पुढं आडवे झालेले दिसले.

"भाभी, थांबा. हात नका लावू. ते आपलं आपण करायचं आसतंय."

मी कडेला वळलो, खांदे आणि कंबर एका दमात. तळहात टेकवला. गुडघा आत घेतला. श्वास सोडला. आणि उठलो. पट्ट्यामुळे बॉलसाठी वाकता येत नव्हतं. दौंडच्या त्या गड्याने तो उचलला, माझ्या हातात ठेवला आणि मागे सरून उभा राहिला.

मागून अम्मीचा आवाज ऐकू आला. ती आप्पांना विचारत होती, "आता काय करायचं असतं?"

"आता पळायचं आसतंय, भाभी," आप्पा म्हणाले. "पन आज ऱ्हाऊ द्या."